ओळंब्यातली भिंत

नबीलाने पट्टी घेतली आणि थेट स्क्रीनच्या काचेला लावली.

दिव्याची लोंबती साखळी आणि बुरुजाची भिंत. खाली दोन्हींमध्ये बोटभर अंतर. वर काहीच नाही.

"मयूर, ही भिंत झुकलीय."

"कुठली?"

"वेल्सच्या चर्चची. आपण नकाशे केले, तीच."

पलीकडच्या टेबलावरून मयूर डबा झाकत उठला. "कॅमेरा वाकडा असेल गं."

"मग साखळीही वाकडी दिसली असती."

दोहात रविवार म्हणजे भर कामाचा दिवस. तिकडे प्रार्थना चालू होती आणि इंटरनेटवर थेट दिसत होती. बंद पडलेली जुनी घंटा आज पुन्हा वाजणार, म्हणून नबीलाने ती प्रार्थना कौतुकाने लावली होती. घंटेला परवानगी तिच्याच नकाशांवर मिळाली होती.

तिने नकाशा उघडला. एकेक स्तर लावत गेली.

स्तर पहिला: पाया. आठशे वर्षांपूर्वीचा, नदीकाठच्या मऊ मातीत.

स्तर दुसरा: बुरूज. बांधता बांधताच कलला. पुढच्या गवंड्यांनी वरचा मजला उलट्या अंगाला झुकवून तोल सावरला.

स्तर तिसरा: पूर. भिंत आणखी कलली. घंटेच्या हादऱ्यांनी ती पडेल म्हणून गावाने घंटेचा दोरच काढून ठेवला.

स्तर चौथा: नबीला. लेझरच्या मोजणीत भिंत तिरकी आली. तिला ती मोजणीतली चूक वाटली. इथे तिने काढलेली एकही भिंत कधी तिरकी नव्हती. एक क्लिक, आणि भिंत ओळंब्यात, अगदी सरळ.

"तूच म्हणालास, काय सफाई आहे हाताला."

मयूरने मान खाली घातली. तपासणीची सही त्याची होती.

"लंडनच्या ऑफिसला फोन लाव."

"तीनदा लावला. त्यांची सुट्टी आहे आज."

"मग चर्चलाच लाव. यल्ला, लवकर!"

वेबसाइटवर नंबर होता. तिने लावला. कानात रिंग वाजत राहिली. बऱ्याच वेळाने पडद्यावरही, गाण्याच्या आडून, कुठेतरी फोन वाजू लागला. तिचाच. चित्र इथे थोडं उशिराने पोचत होतं.

शेवटच्या बाकावरच्या हिरव्या कोटातल्या बाईने वळून पाहिलं. बुरुजाखाली एक म्हातारा बाह्या सारत उभा होता. नवा दोर त्याच्यासमोर लोंबत होता. त्याच्यामागे मुलांची रांग.

"ऊठ गं बाई, ऊठ," नबीला पुटपुटली. "या अल्लाह."

बाई उठली. बाकांमधून वाट काढू लागली. अजून अर्ध्यावरही पोचली नव्हती, तोच नबीलाच्या कानात आवाज आला.

"हॅलो?"

नबीलाने तोंड उघडलं. इंग्रजी वाक्य जुळवून तयार होतं.

फोनमध्ये, त्या बाईच्या पाठीमागे, घंटेचा पहिला टोल पडला. मग दुसरा. मग घंटेचा नव्हे, असा एक आवाज.

पडद्यावर म्हाताऱ्याचे हात अजून दोराकडे जात होते.

"बोल ना," मयूर पडद्याकडे बघत म्हणाला. "अजून वेळ आहे."