उलट मताच्या माणसाची सही

हॅस्केल बाईंच्या लेखनाच्या वर्गात एक नियम होता. निबंध देण्याआधी त्यावर उलट मताच्या माणसाची सही आणायची. ‘मला पटलं’ अशी नव्हे, ‘माझं म्हणणं मोडतोड न करता मांडलंय’ एवढीच. सही नसली तर बाई निबंध हातात घेत नसत. त्या विषयात नापास झाले असते, तर माझी रसायनशास्त्राची शिष्यवृत्ती गेली असती.

पश्चिम टेक्सासातलं आमचं कॉलेज एवढंसं. वारा सुटला की खिडक्या खडखडायच्या. तो आवाज अजून आठवतो.

मी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याच्या बाजूने लिहिलं होतं. आई हायवेवरचा पेट्रोल पंप एकटी सांभाळायची, कमरेला पिस्तूल लावून. निबंधात आकडे होते, आईची भीती होती, आणि वजन यावं म्हणून एक वाक्य होतं: ‘मदत पोचायला बेचाळीस मिनिटं लागतात, असं एक निवृत्त पोलीस अधिकारी सांगतात.’ ते अधिकारी म्हणजे कॉय टिडवेल. साठीत शिकायला आलेले, माझ्याच शेजारी बसायचे. अख्ख्या वर्गात पिस्तुलाच्या विरोधात ते एकटेच.

कँटीनमध्ये पीच भरलेली पेस्ट्री खात त्यांनी निबंध वाचला.

“पोरी, बेचाळीस मिनिटं मीच म्हणालो होतो. पुढचं कुठंय?”

“पुढचं काय, सर?”

“पोचल्यावर काय दिसलं ते. मदतीला फोन करणाऱ्या बाईनेच चोर समजून गोळी घातली होती. दारात तिचा नवरा पडलेला. तेलविहिरीवरची पाळी लवकर सुटली म्हणून घरी आला होता बिचारा.”

“पण त्याने माझा मुद्दा लंगडा होतो.”

“प्रयोगात नको तो आकडा आला की खोडतेस?”

“खोडला तर हाकलून देतील.”

“मग माझं अर्धं वाक्य खोडायचा परवाना कुणी दिला तुला?”

मी तिथेच बसून सगळं लिहिलं. दारात कोण आहे हे आईला त्या क्षणी कसं कळणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही, हेही लिहिलं. तरी पिस्तूल काढून ठेव असं मी तिला सांगणार नाही, हेही.

त्यांनी सही केली.

“पटलं?”

“छे! पण आईला वाचायला दे.”

आईने दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात उभ्याउभ्या वाचला. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “यापुढे घरी येताना वळणावरच हॉर्न वाजवायचा. दोनदा.”

टिडवेल आता नाहीत. सुट्टीत घरी जाते, तेव्हा मी अजून वळणावर दोनदा हॉर्न वाजवते. आई बाहेर येऊन हात हलवते.