परमेश्वर फिटरचा शेवटचा पिंजरा

दचकू नका मित्रांनो, मी पिंजरा असलो तरी वाघ-सिंहाचा नव्हे, झाडाचा आहे. रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात रोपाभोवती गोल लोखंडी जाळी उभी असते ना, तिच्यातलाच मी एक. आता जुना झालोय, रंगाखालून गंजलोय, ठोकून सरळ केला तरी एका बाजूने थोडा वाकलेलाच आहे. रोपाचा शेंडा आणि शेळीचं तोंड यांच्यामध्ये उभं राहायचं, हे माझं काम. शेळ्यांनी मला काय कमी शिव्या दिल्या असतील!

माझा जन्म उमापूरजवळच्या एका जिनिंग कंपनीत झाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. त्या वर्षी कंपनीने ठरवलं की प्रत्येक कामगाराने आवारामागच्या माळावर एक झाड लावायचं आणि आपलं समजून वाढवायचं. मॅनेजर मोहनराव साहेब हौशी माणूस. ते म्हणाले, पिंजरे विकत कशाला आणायचे, गाठी बांधायच्या जुन्या पट्ट्या पडल्यात, त्यांचेच करू. मग परमेश्वर फिटरने वेल्डिंग मशीन बाहेर काढली आणि गाणी गुणगुणत एकेक पिंजरा उभा केला. मी सगळ्यांत शेवटचा. माझ्या वाट्याला आलेली पट्टी आखूड होती, म्हणून माझा गळा इतरांपेक्षा अरुंद झाला. पण परमेश्वरने मला हिरवा रंग लावला तेव्हा माझ्यासारखा देखणा मीच, असं मला वाटलं.

त्यानंतर आठवडासुद्धा गेला नाही आणि परमेश्वर गेला. जेवून उठला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं सगळं. माझा रंगही नीट वाळला नव्हता हो!

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात आणि राख तिच्यात सोडतात. पण परमेश्वरची बायको वनमाला राखेचं गाठोडं घेऊन थेट माळावर आली. आपल्या माणसाची राख खड्ड्यात घालून त्यावर झाड लावायचं, असं हल्ली काही गावांत करतात. तिलाही तेच करायचं होतं. तिची सासू दगडाबाई मागून रडत आली.

"अगं, गंगेची राख हितं माळावर कावून टाकती? माझ्या लेकराला मोकळं होऊ दे की!"

"गंगेत सोडली की गेली वाहून, आत्याबाई," वनमाला म्हणाली. "हितं डोळ्यांम्होरं तरी ऱ्हातील."

दगडाबाईने पदराने डोळे पुसले. खड्ड्यात राख पडली, तिच्यावर कडुनिंबाचं रोप लागलं, आणि भोवती मला रोवलं. कंपनीने वनमालाला नवऱ्याच्या जागी कामाला घेतलं. माझ्यावर तिच्या नावाची पाटी लागली.

पुढचं काय सांगू! पहिल्या पर्यावरण दिनाला माळावर नुसती जत्रा होती. फोटो, टोप्या, भाषणं, केळी. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र माळावर चिटपाखरू फिरकेना. माझे भाऊबंद काटक्या राखत उभे राहिले. भंगारवाल्यांनी काही रातोरात उपटून नेले, तेव्हा साहेबांनी हुकूम काढला की कंपनीच्या पिंजऱ्याला कुणी हात लावायचा नाही.

वनमालाने मात्र एक दिवस चुकवला नाही. गावात टँकर आला की दोन घागरी घराला, एक झाडाला. पाणी घालून झालं की ती माझ्या सांध्यावर बोट फिरवायची. परमेश्वरच्या हाताची वेल्डिंग होती ना ती! मला फार बरं वाटायचं. लिंब असा फोफावला की फांद्या माझ्या पट्ट्यांमधून बाहेर पडल्या. दगडाबाई तर रोज दुपारी त्याच्या सावलीला येऊन बसायची आणि खोडाशी बोलायची. "परम्या, लई ऊन हाय रं आज. तुजी पोरगी पास झाली बरं का." जी म्हातारी राख टाकू देत नव्हती, तिला आता झाडाशी बोलल्याशिवाय घास उतरत नव्हता.

अशी काही वर्षं गेली आणि एके दिवशी खोड माझ्या गळ्याच्या पट्टीला टेकलं.

मित्रांनो, ते किती भयंकर होतं, हे तुम्हाला कसं सांगू? ज्याला राखायचं, त्याच्याच सालीत मी रुतायला लागलो. झाड जाड होत होतं आणि मला मागे सरकता येत नव्हतं. फांद्या बाहेर आल्यामुळे वरून काढताही येत नव्हतं. मला कापणं एवढाच उपाय होता. गेटवरच्या बंकट वॉचमनच्या ते ध्यानात आलं.

"वैनी, पिंजरा कापा. झाडाचा गळा धरलाय त्यानं."

"न्हाई बंकटभाऊ," वनमाला एकदम म्हणाली. "त्यांच्या हातचं शेवटचं काम हाय ते. त्याला करवत लावू व्हय मी?"

अगं बाई, लाव की! मी ओरडलो असतो, पण लोखंडाला कुठला आवाज?

पट्टीखालून काळा डिंक वाहू लागला तेव्हा तिचा जीव चरकला. ती पळतच साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "वनमालाबाई, पुढच्या आठवड्यात झाडांबद्दल कंपनीला बक्षीस द्यायला पाहुणे येणार आहेत. तुमचंच झाड दाखवायचंय. पिंजरा, पाटी सगळं जागेवर पाहिजे. ते गेले की लगेच कापू." कंपनीचा हुकूम मोडायची तिची छाती झाली नाही. पाहुणे आले. झाडाला हार घातला, वनमालाला शाल दिली, माझ्या पाटीसकट फोटो काढला. बक्षीस साहेबांच्या टेबलावर गेलं. मग सीझनचा शेवट आला, गाड्या, हिशेब, धावपळ. "उद्या कापू, उद्या कापू" असंच चाललं होतं.

चैत्रातल्या एका संध्याकाळी वावटळ उठली. कारखान्याचे पत्रे थडथडले. बाकीची झाडं वाऱ्यात लवतात आणि परत उभी राहतात. माझा लिंब लवला, आणि जिथे मी रुतलो होतो तिथेच कडाड्कन मोडला.

सकाळी दगडाबाई नेहमीसारखी काठी टेकत आली. ती आडव्या पडलेल्या फांद्यांजवळ बसली. "परम्या," तिने हाक मारली. "परम्या, दोनदा रं कावून गेलास?" वनमाला तिच्यामागे उभी होती. तिने या वेळी माझ्या सांध्यावर बोट फिरवलं नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि ती नजर माझं लोखंड चिरत गेली. पट्टीत अडकलेली साल तिने नखांनी उकरून काढली आणि पदरात बांधली.

त्यानंतरच्या पर्यावरण दिनाला मला ठोकून सरळ केलं, रंग दिला आणि त्याच माळावर नव्या रोपाभोवती रोवलं. हे रोप ऑफिसातल्या राजनंदिनीचं, हौशी पोर आहे. रोप लावून ती हात झटकत होती तेवढ्यात वनमाला आली. तिने खोड आणि माझी पट्टी यांच्यामध्ये चार बोटं घालून बघितली.

"ताई, हितं बोट जाईना झालं की मला हाक मार. साहेबाला इचारत बसू नको. ह्यो माज्या मालकानं केलाय, मीच कापीन."

मित्रांनो, तुम्हीही शाळेत झाडं लावाल, जाळ्या उभ्या कराल. जरूर करा. पण तेवढ्यावर घरी जाऊन बसू नका. वर्षातून एकदा तरी या, पट्टीत बोट घालून बघा, आणि बोट अडकलं तर कुणाची परवानगी न मागता आम्हाला कापा. आम्ही मोडलो तर भंगारात जाऊ, त्याचं काही वाटून घेऊ नका. वनमाला करवत घेऊन येईल, त्या दिवसाची मी वाट बघतोय.