शक्यतो

तर झालं काय, नीरजा सरकारी पॉलिसीचं सगळं म्हणजे सगळं शिकून आली होती! आकडे कसे वाचायचे, कोणाकोणाला एका टेबलाशी बसवायचं, साहेबांना चहा संपायच्या आत कसं पटवायचं. आरोग्य खात्यात सल्लागार म्हणून नवी नवी लागली होती ना ती. आणि पहिलंच काम आलं ते गुलटेकडीजवळच्या गोदामांतल्या हमालांच्या टीबी तपासणीचं.

हमाल तर तपासूनच घेईनात. का, तर टीबी निघाला की काम गेलं. मग ही रोज जाऊन त्यांच्यात बसायची, गप्पा मारायची. त्यांच्या टोळीचे मुकादम मुनव्वरचाचा, खोकून खोकून निम्मे झालेले, एक दिवस म्हणाले, "बेटा, काढणार नाहीत असं लिहून आण. मी पहिला तपासून घेतो. मी गेलो की सगळी टोळी येईल."

हिने लिहिलं. एकच ओळ. 'उपचार चालू असताना कोणालाही कामावरून काढू नये.'

गोदाममालकांबरोबरच्या मीटिंगमध्ये एक मालक म्हणाले, "अहो मॅडम, धान्यावर खोकणारा माणूस ठेवू? ती पोती तुमच्याकडे पाठवू का मग?" सगळे हसले. सही कोणी करेना. तेव्हा खात्यातले तिचे वरिष्ठ, दिग्विजय सर, पुढे झुकले आणि त्या ओळीत शांतपणे एक शब्द घातला. 'शक्यतो कामावरून काढू नये.' बस! पटापट सह्या, वर टाळ्या.

"पण सर..."

"हा शब्द काढला तर सह्या जातात. मग आज हातात काहीच नाही. सांग, काढू?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने नाही म्हणून मान हलवली. कशी हलली, तिचं तिलाच कळलं नाही.

"हे कोर्समध्ये शिकवत नाहीत," बाहेर पडताना सर खूश होऊन म्हणाले. "वाटाघाटी म्हणतात याला."

खरं तर राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी ती सगळीच झाली होती. तशीच रिक्षात बसली, तशीच गोदामावर उतरली. तपासणीची व्हॅन फाटकाशी आधीच येऊन थांबलेली.

"लिहिलं?" चाचांनी विचारलं.

"लिहिलं."

"काढणार नाहीत ना?"

हो म्हणाली असती तर चाचा तिथल्या तिथे व्हॅनमध्ये चढले असते. औषध सुरू झालं असतं, बरे झाले असते. आणि काम? ते गेलं असतं तर तिच्या शब्दावर गेलं असतं.

"शक्यतो नाही," ती म्हणाली.

चाचा हसले. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. "आमचा शेठपण म्हणतो, शक्यतो रविवारी सुट्टी. मी तर अजून बघितली नाही बाबा." मग टोळीकडे वळून ओरडले, "चला रे, ट्रक लागलाय!"

एकेक करून सगळे उठून गेले.

व्हॅनमधली नर्स नम्रता खाली उतरली. "मॅडम, थांबू का अजून?"

"थांब," नीरजा म्हणाली. कोणासाठी, हे नम्रताने विचारलं नाही. पोती उतरायला लागली होती.