ऑर्डवेलचा बाराचा भोंगा

मित्रांनो, ऑर्डवेलच्या कोर्टाच्या छपरावर जो जुना भोंगा बसला आहे ना, तो मीच. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातले हे जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे आठशे माणसे, धान्याची उंच कोठी आणि कोर्ट. फार पूर्वी आमच्या लोकांनी शेजारच्या बर्टन गावातून सरकारी कागदांची कपाटे घोडागाडीत घालून पळवून आणली, तेव्हा कुठे कागदांमागोमाग कोर्ट आणि जिल्ह्याच्या ठिकाणाचा हा मान आमच्याकडे आला. बर्टनवाले अजून आम्हाला कपाटचोर म्हणतात. म्हणोत बापडे! रेल्वे गेली, सिनेमा बंद पडला, पण कोर्ट आहे म्हणून गाव आहे.

सत्तर वर्षे मी रोज दुपारी बाराला ओरडत आलो. माझ्या आवाजावर ट्रॅक्टर थांबत, शेगडीवरून बटाटे उतरत आणि गावातली सगळी कुत्री गळा काढत. घरे उडवणारे वादळ आले की लोकांना तळघरात पिटाळायचो तेही मीच. त्याचा मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

चार वर्षे डॉक्टरवाचून काढल्यावर गावाला डॉ. स्ट्रोबेल मिळाल्या. त्यांनी घर घेतले ते नेमके कोर्टासमोर. बाराला त्यांचे तान्हे बाळ झोपलेले असायचे आणि माझ्या आवाजाने दचकून उठायचे. त्यांनी तक्रार केली.

"भोंग्यापायी डॉक्टर घालवायची का?" जिल्हा मंडळाचे अध्यक्ष रॉस बैठकीत म्हणाले.

"मग जेवायची वेळ मला सांगणार कोण?" कोर्टाचा रखवालदार डेलबर्ट कुरकुरला. माझे बटण तोच दाबायचा.

"तुझं पोट! ते अकरालाच सांगतं."

सगळे हसले आणि मी बंद झालो. फार वाईट वाटले. हिवाळा तसाच गेला.

एप्रिलमध्ये डेलबर्ट शिडी लावून वर आला. माझ्या तोंडात चिमण्यांचे जुने घरटे होते आणि आतले चाक गंजून जाम झाले होते. तो तडक डॉक्टरबाईंच्या दारात गेला.

"बाई, वादळाचे दिवस आलेत आणि भोंग्याचा घसा पार बसलाय. रोज ओरडायचा, म्हणून कळायचं तरी की चालू आहे."

"म्हणजे आज वादळ आलं असतं तर?"

"बाळ झोपूनच राहिलं असतं."

बाईंनी बाळाला उचलून कडेवर घेतले. मग म्हणाल्या, "दर शनिवारी वाजवा. मी त्याला घेऊन अंगणात उभी राहीन."

तेलपाणी झाल्यावर पहिल्या शनिवारी मी ओरडलो. बाळ माझ्याहून मोठ्याने रडले. बाईंनी त्याचे कान झाकले, पण त्या आत गेल्या नाहीत.

मित्रांनो, रोज कटकट करणाऱ्याला कायमचे गप्प करू नका. अधूनमधून त्याला तेल द्या, ओरडू द्या. वादळ येईल तेव्हा त्या बाळाला मलाच उठवायचे आहे.