चार तासांच्या रस्त्याला सहा तास

भंगारवाला पाच वाजता येणार होता, आणि बारा वाजून गेले तरी रेडिएटरमधून पडणारं पाणी काही स्वच्छ होईना.

तिने नळाचा पाइप पुन्हा रेडिएटरच्या तोंडात खुपसला आणि खाली वाकून पाहिलं. बुडाचा प्लग सकाळीच काढून ठेवला होता. तिथून पाणी घमेल्यात पडत होतं, विटकरी रंगाचं, गंजाचे कण घेऊन. पहिलं घमेलं भरलं तेव्हा ते कोऱ्या चहासारखं काळं होतं. हे सातवं.

बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर तिने चार दिवसांत एकटीने आवरलं. किल्ली उद्या सकाळी शेजारी ठेवायची होती. राहिली होती ती अंगणातली गाडी.

"अगं, तो डबा नेऊन तू करणार काय?" दादा फोनवर म्हणाला होता. दादा परदेशी. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला लहानपणापासून जमायचं. "दिवाणखान्यात ठेवणार आहेस का शोभेला?"

"चालतेय तोवर भंगार कशाला म्हणायचं?"

"चालतेय? काल कोपऱ्यावरून ढकलत आणलीस ना?"

ते खरं होतं. काल तिने गाडी सहज फिरवायला काढली आणि पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. शेवटी दोघांचं ठरलं: पाचपर्यंत गाडी सुधारली तर ती चालवत आपल्या गावी नेईल, नाही तर भंगारवाला आहेच. आपल्याला गाडी का हवी आहे, हे तिला दादाला नीट सांगता आलं नव्हतं. अकरा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही गाडी तिच्या दाराशी येऊन थांबली होती. ती आणखी एकदा तिथे थांबावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण एवढं फोनवर कोण बोलतं?

नवव्या घमेल्याला पाणी निवळलं. तिने प्लग बसवला, पान्याने आवळला. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सगळं मोजून करायची त्यांची सवय. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं, तेही काचेच्या मापाने, डोळा रेषेच्या पातळीला आणून. ते माप तिने भांड्यांबरोबर बांधून टाकलं होतं. ते खोक्यातून परत काढलं आणि त्याच मापाने ओतत राहिली. साडेपाच लिटर.

आता पुढचं काम हवा काढायचं. पाणी भरलं की नळ्यांच्या वळणांत हवा अडकून बसते. ती काढली नाही तर पाणी फिरतच नाही आणि भरल्या पोटी इंजिन तापतं. त्यासाठी गाडीचं तोंड चढावर हवं, म्हणजे हवा वर येते. हीटर पूर्ण उघडा हवा, म्हणजे आतल्या नळीतूनही पाणी खेळतं. झाकण काढून इंजिन चालू ठेवायचं, वरची रबरी नळी हाताने दाबत राहायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा.

हे सगळं तिला ठाऊक होतं. फक्त हे दोन माणसांचं काम होतं, हे ती विसरली होती. लहानपणी तिला दोन उशांवर बसवून बाबा बॉनेटमागे दिसेनासे व्हायचे आणि तिकडून ओरडायचे, "सुपरवायझर, काटा?" मग ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "अर्ध्याच्या खाली!"

आज ती नळी दाबायची, धावत आत जाऊन काटा बघायची, ॲक्सिलरेटर दाबायची, परत बॉनेटशी यायची, तोवर पाणी उसळून बाहेर सांडलेलं असायचं. हीटरमधून गार वारा येत होता. म्हणजे आत हवा अडकलेलीच. काटा मात्र चढत होता. तिने इंजिन बंद केलं. थंड व्हायला पाऊण तास. दुसऱ्यांदा तेच. अडीच वाजले.

ती पायरीवर बसली. घरात गेली असती, पण बसायला तिथे काही उरलं नव्हतं.

"इंजिन उकळल्याचा वास माझ्या गॅरेजपर्यंत आला," फाटकातून आवाज आला. "म्हटलं, सर तर नाहीत, मग उकळतंय कोण?"

कोपऱ्यावरचे मिस्त्री. सत्तरी उलटलेली, हाताला कायमचा तेलाचा वास. रोज संध्याकाळी बाबा त्यांच्या गॅरेजात तासभर बसायचे, हे तिला दादाकडून कळलं होतं.

"हवा निघत नाहीये, काका."

"एकटीनं कशी निघेल? टाळी एका हातानं वाजते का?" ते वाकून बघायला लागले. "पाणी मोजून घातलंस का?"

"हो."

"बापाची लेक. आमच्या सरांचं असंच. मी म्हणायचो, सर, इंजिन आहे, बाळाचं औषध नाही. तर म्हणायचे, मिस्त्री, तुमच्या गॅरेजात माणूस औषधाला तरी येतो का?" ते एकटेच हसले. "जा, बस आत. मी सांगेन तेव्हा दाब."

ती आत बसली. खिडक्या वर होत्या, काच उतरवायचा दांडा बाबांच्या बाजूला सैल झाला होता. मिस्त्रींनी वरच्या पाइपावरचा हवेचा छोटा स्क्रू दोन वेढे ढिला केला. तिथे असा स्क्रू आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"काटा?"

"अर्ध्याच्या खाली," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही.

"काय?"

"अर्ध्याच्या खाली!"

स्क्रूमधून फुसफुस झाली, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग बारीक धार. त्यांनी स्क्रू आवळला. "दाब थोडा. सोड. परत दाब." बॉनेटखाली पाण्याने एकदम गटकन घोट घेतला आणि त्याच क्षणी तिच्या तोंडावर हीटरचा गरम झोत आला. इतका गरम की तिने मान फिरवली.

"आला का गरम?"

"आला!"

"मग सुटली हवा. बंद करू नकोस, चालू राहू दे."

ती बसून राहिली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत भट्टी. पाच मिनिटांत पाठ सीटला चिकटली, दहा मिनिटांत केसांतून पाणी ओघळायला लागलं. काटा अर्ध्यावर येऊन थांबला होता आणि हलत नव्हता. तिला बरं वाटलं. मग तिने दार उघडून मान बाहेर काढली, तर मिस्त्री कमरेवर हात ठेवून नुसते रेडिएटरच्या तोंडात बघत उभे आहेत.

ती उतरली. "काय झालं?"

"हे बघ."

पाणी शांत होतं. मग तळातून एक बुडबुडा आला आणि फुटला. काही वेळाने दुसरा. मग परत.

"ही हवा बाहेरची नाही," मिस्त्री म्हणाले. "इंजिनच्या आतून येतेय. जोडातलं गॅसकेट गेलंय. थोडंसंच. तू कितीही काढ, ही येतच राहणार."

"दुरुस्त होईल?"

"इंजिन उघडावं लागेल. आठवडा." त्यांनी फडक्याला हात पुसले. "सरांना सांगितलं होतं मी. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष? पण ते दर महिन्याला यायचे माझ्याकडे. ह्याच गाडीतून."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या भिजलेल्या कपाळाकडे. "हीटर लावून यायचे."

तिला समजलं नाही.

"इंजिनची उष्णता हीटरनं आत ओढून घ्यायची. तेवढंच इंजिन थंड राहतं. पूर्ण उघडा हीटर, खिडक्या खाली, आणि तासाभरानं थांबायचं, निवू द्यायचं, पाणी घालायचं. चार वेळा. मीच शिकवलं त्यांना. म्हटलं, सर, गाडी गॅरेजात टाका आणि बसनं जा. तर म्हणे, बसमध्ये खिडकी मिळत नाही."

हेच तिलाही सांगितलं होतं त्यांनी. चार तासांच्या रस्त्याला त्यांना सहा तास लागायचे. ती विचारायची, कुठे रेंगाळता? तर म्हणायचे, वाटेत ओळखी निघाल्या. घामाने निथळत, गळ्यात पंचा टाकून दारात उभे राहायचे. ती आधी पंख्याखाली बसवायची, मग न्हाणीघराकडे पिटाळायची. शेवटच्या खेपेला तिच्या ऑफिसातल्या बाई बसल्या होत्या. ती हळूच म्हणाली होती, "बाबा, मागच्या दारानं या ना." ते मागच्या दाराने आले होते.

"काका," ती म्हणाली, "त्यामुळे तर नाही ना? त्या उष्म्यामुळे?"

"मला इंजिनचं कळतं, बाळा. माणसाचं डॉक्टरला विचार." मग मिस्त्री बॉनेट मिटता मिटता म्हणाले, "एवढं सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी सर गॅरेजात बसायचे नाहीत. म्हणायचे, उद्या लवकर निघायचंय. निघायचे शनिवारी पहाटे, पण शुक्रवारी दुपारपासून त्यांचा पाय ठरायचा नाही."

पावणेपाचला तिने भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी काचेचा सैल दांडा आवळला, पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवले आणि तीन वेळा बजावलं, "गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. काटा अर्ध्यावर गेला की थांब, मग भले रस्त्याच्या मधोमध असशील."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. खिडक्या खाली, हीटर पूर्ण. पहिली वीस मिनिटं काही वाटलं नाही. ऊन वर आलं तसा पायांवरचा झोत सोसेना, गुडघे भाजल्यासारखे झाले. तिने रेडिओ लावून पाहिला, तो चालत नव्हता. बाजूच्या सीटवर नकाशा होता, पाण्याची बाटली होती, माणूस नव्हतं. ह्या सीटवर अकरा वर्षं कुणीच बसलं नव्हतं, हा विचार तिने पहिल्यांदाच केला.

तासाभराने काटा अर्ध्याला टेकला. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान दिसलं तशी तिने गाडी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. डिकी उघडायला ती खाली उतरतेय तोच दुकानातून एक बाई पाण्याचा कॅन घेऊन आली. हातात कॅन, खांद्यावर ट्यूब, गाडीकडे बघतच बोलायला सुरुवात.

"काय हो सर, मागच्या शनिवारी दांडी? म्हटलं, लेकीनं हाकलून दिलं की काय…"

मग बाईने वर पाहिलं.

सगळ्यांना कळवायचं काम दादाने केलं होतं, फोनवरून, यादी करून. तिला कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. तिने डिकीचं झाकण धरून ठेवलं.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "बाबा गेले. तेवीस दिवस झाले."

बाईने कॅन खाली ठेवला. आत जाऊन स्टूल घेऊन आली, सावलीत मांडलं आणि आपण बाजूला टायरवर बसली. दोघी अर्धा तास बसल्या. मधे एक ट्रक थांबला तेव्हा बाई उठून हवा भरून आली आणि परत बसली. झाकण थंड झालं तेव्हा पाणी बाईनेच घातलं, ओंजळभरही न सांडता.

"पुढे कुठे थांबायचे ते?" तिने विचारलं. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"रेल्वेच्या फाटकाशी शिंपी आहे एक, त्याच्याकडे. मग पुलाच्या अलीकडे रोपवाटिका. मग तुमच्या गावाबाहेर पेट्रोलपंप, तिथे रात्रपाळीचा म्हातारा असतो, दुपारपर्यंत थांबायचा सरांसाठी." बाईने झाकण आवळलं, हात साडीला पुसले. "त्यांना कुणी कळवलं असेल?"

"नाही."

"मग मी निरोप पाठवू का? ट्रकवाले जातात तिकडे."

तिने मान हलवली. "नको. मी चाललेच आहे," ती म्हणाली. "मी सांगते."

ती आत बसली. हीटर पूर्ण उघडा केला आणि गाडी रस्त्यावर घेतली. अजून तिघांना सांगायचं होतं.