अनुसूयाबाईंची मुलगी

कन्नड मुलखातल्या एका शहरात, शिवाजीनगर भागातल्या विमा कार्यालयात, दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी मुलांचा विषय निघे. कुणाचा मुलगा कुठल्या कंपनीत लागला, कुणाची मुलगी सुट्टीत कुठे इंटर्नशिप करते आहे, याची चौकशी चाले. सांगण्यासारखं काही असणाऱ्याचा आवाज जरा चढे, आणि नसणारा मुकाट्याने भात कालवत बसे. अनुसूयाबाई या शाखेत नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांच्या घरची माणसं अजून कुणी पाहिलेली नव्हती. एप्रिलमधल्या एका दुपारी बेळगावकडच्या शिवलीलाने त्यांना सहज विचारलं, "अक्का, तुमची मनस्विनी काय करते सुट्टीत?"

अनुसूयाबाईंचा घास हातातच राहिला. खरं सांगायचं तर त्या घटकेला मनस्विनी शहराबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयात गुडघ्याएवढे गमबूट चढवून पाणघोड्याच्या आवारातली घाण फावड्याने ओढत असणार. पण अनुसूयाबाईंच्या तोंडून निघालं ते वेगळंच. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी वा वा केली. त्यानंतर मागे फिरायची सोय उरली नाही.

मनस्विनी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. ही इंटर्नशिप तिने स्वतः खटपट करून मिळवली होती, आणि निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरात तिने नुसता धिंगाणा घातला होता. पण पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या कपड्यांचा वास जिन्यापासून येत होता. अनुसूयाबाईंनी तिला दारातूनच न्हाणीघरात पिटाळलं, कपडे वेगळे भिजवले आणि शेजारच्या बाई डोकावल्या तेव्हा गमबूट पायानेच दाराआड सरकवले. पुढे तो रोजचाच क्रम झाला. नातेवाइकांचे फोन आले तरी औषध कंपनीचंच उत्तर मिळू लागलं.

हयवदनरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, हे मुळीच पटत नव्हतं. ते शांत स्वभावाचे गृहस्थ, आवाज चढवणारे नव्हेत. एका संध्याकाळी कॉफी घेता घेता ते म्हणाले, "अनसू, मनू लहान असताना तिचं सगळं तू केलंस. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचंही केलंस. तेव्हा ते काम हलकं होतं का?"

"घरातलं वेगळं हो," अनुसूयाबाई म्हणाल्या. "शिकलेली मुलगी जनावरांचं शेण काढते, हे लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने खोटं सांगतेस त्याच तोंडाने. ज्या मुक्या जिवाला आपण पिंजऱ्यात आणून ठेवलं, त्याची घाण कुणी ना कुणी काढायलाच हवी. ती काढणाऱ्याकडे आपण खाली बघतो, म्हणून ते काम आपल्याला खालचं दिसतं. कामात काही खोट नाही, आपल्या बघण्यात आहे."

अनुसूयाबाईंना हे पटलं नाही. त्या कप उचलून आत निघून गेल्या.

मे महिन्यात शाखेचे मोठे साहेब प्राणेश यांनी सगळ्यांच्या कुटुंबांसह सहल काढायचं ठरवलं. अनुसूयाबाईंनी नंदी हिल्सचं नाव पुढे केलं, पण मुलांना वाघ बघायचे होते. ठरलं ते नेमकं मनस्विनीचंच प्राणिसंग्रहालय. हयवदनरावांना त्या रविवारी एका लग्नाला जायचं होतं, त्यामुळे ते येणार नव्हते. सहलीच्या आदल्या सकाळी मनस्विनी कामाला निघण्यासाठी वेणी घालत होती, तेव्हा अनुसूयाबाई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. उद्या आमची बस येईल तेव्हा तू मागच्या बाजूलाच राहा, असं त्यांनी चाचरत सांगितलं.

"आणि समोर आलेच तर?" मनस्विनीने विचारलं.

अनुसूयाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"ओळख दाखवायची नाही, असंच ना अम्मा?"

"स्वल्प दिवसांचाच तर प्रश्न आहे गं. ही इंटर्नशिप संपली की संपलं."

"सरी, ठीक आहे," मनस्विनी म्हणाली. वेणी अर्धीच राहिली होती, ती तशीच बांधून ती बाहेर पडली.

रविवारी प्राणिसंग्रहालयात तोबा गर्दी होती. मनस्विनीने मागच्या बाजूचं काम मागून घेतलं होतं, पण माणसं आवरेनात तेव्हा तिला पाणघोड्याच्या तळ्यापाशी लोकांना आवरायला पाठवण्यात आलं. तुंगा नावाची मोठी मादी तळ्यात डुंबत होती. माणसं कठड्याशी जमली की ती भलंमोठं तोंड उघडी, आणि लोकांना तो तमाशा वाटे. शाखेची मंडळी तिथे पोचली तेव्हा तुंगाने असाच जबडा उघडला होता. सगळे ओरडले. प्राणेश साहेबांनी उत्साहाने बिस्किटांचा पुडा काढला आणि तो अर्धा फोडून प्लॅस्टिकच्या कागदासकट फेकायला हात उचलला.

"सर, थांबा. तिच्या तोंडात काही टाकू नका."

खाकी सदरा, चिखलाने माखलेले गमबूट, डोक्यावर टोपी घातलेली एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती. साहेब हसले. बिस्किटाने एवढं काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मनस्विनीने कन्नडमध्ये नीट समजावून सांगितलं. या जनावराला आत काय पडतंय ते कळत नाही. पोटात गेलेलं प्लॅस्टिक बाहेर पडत नाही. मागे एकदा कुणीतरी अशीच पिशवी फेकली, तेव्हा हिने अन्न सोडलं होतं आणि ती जाते की राहते असं झालं होतं.

एवढ्यात भोवती माणसं जमली. आपल्या कर्मचाऱ्यांसमोर एका पोरीने अडवलं हे साहेबांना झोंबलं. त्यांचा चेहरा बदलला.

"तू कोण मला शिकवणारी? शेण काढायला ठेवलंय ना तुला? ते काढ जा. तुझ्या साहेबाला पाठव इकडे."

दोघेतिघे फिदीफिदी हसले. मनस्विनीचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही. कठड्याकडे पाठ करून, साहेबांचा हात आणि तळं यांच्यामध्ये ती तशीच उभी राहिली. तिची नजर एकेकावरून फिरत अनुसूयाबाईंवर आली. क्षणभरच थांबली. मग आईला दिलेला शब्द पाळत ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीही जरा मागे व्हा. कठड्याला टेकू नका."

मॅडम!

पोटच्या पोरीने आपल्याला मॅडम म्हणावं, ही मागणी अनुसूयाबाईंनी स्वतःच केली होती. चार लोकांत अपमान होत असताना एका हाकेने तिला आई मिळाली असती, पण ती हाक तिने मारली नव्हती. उन्हात घामाघूम होऊन ती एका मुक्या जनावरासाठी उभी होती, आणि त्यातही आईचं खोटं सांभाळत होती. तिच्यासारखं उभं राहायला आपल्याला कधी जमलं होतं? आणि आपण तिचे बूट दाराआड लपवत होतो!

त्या गर्दीतून पुढे आल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ती माझी मुलगी आहे."

शिवलीला तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले. कुठलीही औषध कंपनी नाही. माझी मनस्विनी इथे काम करते. रोज सकाळी या जनावराची घाण काढते, त्याचं तळं धुते, त्याने खाल्लं की नाही ते बघते. लाज मला वाटत होती, तिला कधीच वाटली नाही. ती सांगते आहे ते बरोबर आहे सर. तो पुडा आत ठेवा."

प्राणेश साहेबांनी हातातल्या पुड्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, नुसता साहेबपणाची सवय लागलेला होता. त्यांनी पुडा पिशवीत टाकला आणि मनस्विनीसमोर हलकेच मान झुकवली. "तप्पायितम्मा," ते म्हणाले. चूक झाली, मुली. मग वळून आपल्याच माणसांना मागे सरकायला सांगू लागले.

अनुसूयाबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. सदरा घामाने आणि तळ्याच्या पाण्याने ओला होता.

"अम्मा, हाताला वास लागेल," मनस्विनी पुटपुटली.

"लागू दे," अनुसूयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला जवळ ओढलं.

मग शिवलीलाने प्रश्नांचा भडिमार सुरू केला. ही किती खाते, दिवसभर पाण्यात का असते, तुला भीती नाही का वाटत? मनस्विनीची टोपी एव्हाना मागे सरकली होती, आणि ती हात हलवून हलवून सांगत होती. घाणीवरूनच जनावराची प्रकृती कळते, म्हणून काढण्याआधी ती नीट बघावी लागते, हे तिने सांगितलं तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. अनुसूयाबाई ऐकत राहिल्या. आपल्या मुलीला इतकं काही येतं हे त्यांनाही आजच कळत होतं, कारण घरी त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. जवळून जाणाऱ्या एका अनोळखी आजीबाईंनी विचारलं, ही कोण मुलगी? अनुसूयाबाई पटकन पुढे होऊन म्हणाल्या, "माझी."

त्या आठवड्यात त्यांनी ज्यांना ज्यांना औषध कंपनीची गोष्ट सांगितली होती त्या सगळ्यांना फोन केले. येलहंक्याची नणंद आधी हसली आणि मग म्हणाली, आम्हालाही घेऊन चल बघायला.

आपल्यातल्या किती घरांत अशी एखादी अनुसूयाबाई असेल! मुलं डोळे चमकवून एखादं काम अंगावर घेतात, आणि आपण त्यांचे मळके कपडे पाहून चारचौघांत दुसरंच काही सांगतो. त्यांच्या हाताला लागलेला चिखल धुतला की जातो, पण आईबापांना आपल्या कामाची लाज वाटते हे एकदा मुलांना कळलं की ते सहजासहजी पुसलं जात नाही. मंडळी, काम कुठलंही असो, ज्याने एखाद्या जिवाचं भलं होतं त्याला हलकं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. आणि ते काम जर आपल्या लेकराने मनापासून पत्करलं असेल, तर कुणी विचारण्याची वाट पाहू नये. आपणच आधी, ताठ मानेने, त्याचं नाव घ्यावं.