मागे घेतलेली प्रार्थना

पास्टरीणबाईंच्या मते त्यांच्या नवऱ्याला देवाने सगळं दिलं होतं, फक्त 'नाही' म्हणायची जीभ तेवढी द्यायची राहून गेली होती. कोणी आजाऱ्याजवळ बसायला बोलावलं की निघाले. कोणी भावाभावांचं भांडण सोडवायला बोलावलं की निघाले. त्या शुक्रवारी बाइंडरने मशिदीत बोलावलं, तेव्हाही निघाले.

बाइंडर म्हणजे चर्चसमोरच्या गल्लीतला, पुस्तकं बांधणारा. चर्चमधलं एकूण एक गीतपुस्तक त्याच्या हातचं. बाईंच्या पायपेटीचा भाता फाटला, तेव्हा तोही त्यानेच आपल्या दुकानातलं चामडं लावून शिवून दिला होता. दोन्ही घरांचं येणंजाणं असं की त्याची मुलगी लहानपणी शाळेतून सुटली की आधी बाईंच्या स्वयंपाकघरात डोकवायची आणि मग स्वतःच्या घरी जायची. बाईंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ही पोर त्यांच्या हातचं खाऊनच मोठी झाली म्हणायला हरकत नाही. आता तिला मेंदूत ताप भरला होता आणि ती हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होती. डॉक्टर म्हणत होते, वाट बघा. डॉक्टर वाट बघा म्हणू लागले की माणसाने काय समजायचं ते समजावं.

"मशिदीत सगळे मिळून तिच्यासाठी मागणार आहोत," बाइंडर दारात उभा राहून म्हणाला होता. "पास्टरसाहेब, तुम्ही नुसते माझ्याशेजारी बसा. मला धीर येईल."

"जा की, बसा," असं बाईच म्हणाल्या. "पण तोंड उघडू नका. तुमच्या तोंडाचा मला भरवसा नाही."

आणि झालं तेच. नमाज आटोपल्यावर मौलवीसाहेबांनी स्वतः हात धरून पास्टरांना पुढे आणलं. म्हणाले, "लेकरू तुमच्याही अंगाखांद्यावर वाढलंय, तुम्हीही दोन शब्द मागा." आता शेजारी बाप बसलाय, डोळे पुसतोय, तिथे कोण नाही म्हणेल? पास्टरांनी गुडघे टेकले आणि मागितलं. साधंच मागितलं. देवा, ही आमची दोघांची पोर आहे, तिचे डोळे उघड, आमेन. शेवटी नेहमी येणारं 'येशूच्या नावाने' एवढं मात्र त्यांनी मनातल्या मनात म्हटलं. दुसऱ्याच्या घरात आपला आवाज चढवू नये, असं त्यांना वाटलं म्हणे.

तेच नडलं. कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ते चर्चमधल्या प्रत्येकाच्या खिशात जाऊन पोचलं. कमिटीचे अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन घरीच आले. अध्यक्षांना पाठीमागे सगळे थर्मामीटर म्हणत, कारण कोणाचा विश्वास किती अंशांवर आहे हे त्यांना नुसतं बघून कळायचं. स्वतःचा कधी मोजला होता की नाही, देव जाणे!

"मशिदीत गेलात, एक वेळ समजू शकतो," थर्मामीटर म्हणाले. "पण तारणाऱ्याचं नाव गाळलंत? मग ती प्रार्थना गेली कोणाकडे?"

"ज्याच्याकडे जायची त्याच्याकडेच गेली," पास्टर म्हणाले.

"हे असं बोलणंच तुम्हाला भोवतं. येत्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर राजीनामा द्या आणि घर मोकळं करा."

ते गेल्यावर बाईंनी आधी दार लावलं आणि मग तोंडाचा पट्टा सुरू केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते नाव गाळणं पटलं नव्हतं. "ज्याच्या नावावर जन्मभर आपलं पोट भरलं, त्याचंच नाव घ्यायला तिथे जीभ कशी अडखळली?"

"अडखळली नाही गं. पाहुणा होतो मी."

"पाहुणा झाला म्हणून कोणी आपल्या बापाचं नाव खिशात घालतं का?"

मग बाईंचा राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. निवृत्ती तोंडावर आली होती. हे घर चर्चच्या मंडळीचं होतं, स्वतःचं म्हणावं असं छप्पर कुठेच नव्हतं. या वयात भांडीकुंडी घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? बाईंना सरळ भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्या हुकूम सोडत.

पास्टर म्हणाले, "कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणतो."

"अर्धीमुर्धी माफी तो थर्मामीटर गिळायचा नाही. सरळ सांगा, ती प्रार्थना मी मागे घेतो."

"प्रार्थना कशी मागे घेणार? तो काय अर्ज आहे?"

"नुसतं म्हणायचं हो! नाव मनातल्या मनात घेतलं ना तुम्ही? मग आताही मनात काय ठेवायचं ते ठेवा. देवाला कळतं."

यावर पास्टर उठून खिडकीपाशी गेले. आपण जिंकलो असं बाईंना वाटलं.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. जाहीर माफी मागणाऱ्याने लोकांकडे पाठ करून, क्रुसाकडे तोंड करून बोलायचं. रविवारी पास्टर तसे उभे राहिले. बाई बाजूला पायपेटीवर बसल्या होत्या, लोकांकडे तोंड करून. माफी संपली की लगेच गीत सुरू करायचं, म्हणून त्यांचे पाय खाली भात्याच्या पेडलांवर तयार होते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बाइंडर आत आला. मशिदीतल्या सवयीने त्याने चपला दारातच काढून हातात घेतल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगावर हॉस्पिटलात रात्र काढलेला चुरगळलेला सदरा. इतक्या वर्षांत तो चर्चमध्ये दुरुस्तीसाठीच आला होता, उपासनेला कधी नाही. तो शेवटच्या बाकाजवळ थांबला, बाईंकडे पाहिलं आणि हसला. हसताना एक हात डोळ्यांपाशी नेऊन त्याने बोटं उघडून दाखवली. बाईंना एका क्षणात सगळं कळलं. पोरीने डोळे उघडले होते! आणि ही बातमी घेऊन तो सगळ्यांत आधी इथे धावत आला होता.

पास्टर बोलतच होते, "...मशिदीत जे घडलं, त्यात माझी चूक झाली..."

पायपेटी वाजली की सगळी मंडळी उभी राहते, ही तिथली सवय. बाईंनी एक सूर दाबला असता तर लोक उठले असते, पुस्तकं उघडली असती, आणि ते पुढचं वाक्य त्या गोंधळात बुडून गेलं असतं. बाईंची बोटं पट्ट्यांवर टेकलेली होती. पण पहिल्याच बाकावर थर्मामीटर बसले होते, त्या वाक्याची वाट बघत. बाईंच्या डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर आलं, मागची मोरी, भिंतीवर स्वतः ठोकून घेतलेली फळी. त्यांनी पाय हलवला नाही.

"...ती प्रार्थना मी मागे घेतो," पास्टर म्हणाले.

बाइंडरचा हात खाली आला. तो मागे वळला आणि गेला. दार आपोआप लागलं. आवाज ऐकून पास्टरांनी मान वळवली आणि बाईंना हळूच विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही. वाऱ्याने हललं," बाई म्हणाल्या आणि गीत सुरू केलं.

घर वाचलं. पोर शुद्धीवर आल्याचं संध्याकाळी गल्लीत कळलं, तेव्हा पास्टर लहान मुलासारखे धावत बाइंडरकडे गेले. परत आले ते खांदे पाडूनच. "चहा दिला, तब्येत विचारली. पोरीला बघायला येतो म्हटलं, तर म्हणाला, सध्या कोणाला सोडत नाहीत. असा परक्यासारखा का बोलला गं?" बाई मूग गिळून बसल्या. पुढे कितीदा तरी पास्टरांनी हेच विचारलं, आणि बाई कितीदा तरी गप्प राहिल्या.

शेवटी राहवेना, तेव्हा एक सुटं झालेलं गीतपुस्तक घेऊन त्या दुकानात गेल्या. पोरगी बापाशेजारी बसून कागदांना घड्या घालत होती. हात अजून थरथरत होते, पण चेहऱ्यावर तजेला आला होता.

"काकू! किती दिवसांनी!" ती म्हणाली. "अब्बा मला रोज सांगतात, काकांनी आपल्या मशिदीत गुडघे टेकून माझ्यासाठी मागितलं. मला चालताना भीती वाटली ना, की मी तेच आठवते. काका का आले नाहीत मला बघायला?"

बाईंनी बाइंडरकडे पाहिलं. तो सुईत दोरा ओवत होता. पुस्तक घेऊन तो बाईंसोबत पायरीपर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, मागे घेतल्याचं तिला सांगू नका. तेवढ्याच्या आधाराने उभी राहिलीय ती."

"भाऊ, ते वाक्य त्यांचं नव्हतं हो. मी घातलं होतं त्यांच्या तोंडात."

"असेल," बाइंडर म्हणाला. "पण ऐकलं ते मी त्यांच्याच तोंडून." आणि पुस्तक कधी मिळेल ते सांगून तो आत गेला.

बाई घरी आल्या. वाचवलेल्या घरात पास्टर खिडकीपाशी बसले होते. "काय म्हणाला?" त्यांनी आशेने विचारलं.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "अहो, त्या रविवारी दार वाऱ्याने नव्हतं हललं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चपला, रुमाल, डोळ्यांपाशी उघडलेली बोटं, काहीही मागे ठेवलं नाही. शेवटी पास्टरांनी एवढंच विचारलं, "मी ते वाक्य म्हणायच्या आधीच तुला तो दिसला होता?"

"हो."

पास्टरांनी मान हलवली आणि चष्मा काढून खिडकीत ठेवला. रागावले असते, हातातलं काही आपटलं असतं, तर बाईंना बरं वाटलं असतं. पण या माणसाला तेही कधी जमलं नव्हतं. ते उठून खोलीच्या मधोमध गुडघे टेकून बसले. बराच वेळ त्यांचे ओठ हलले नाहीत, आणि आपण त्यांच्याशेजारी बसावं की नाही, हे बाईंना कळेना. त्या दारातच उभ्या राहिल्या.